जाळीबाहेर आलेला रोबो

मोटारीला दारं दोनदा बसवली जातात, हे कारखान्याबाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसतं. आधी पत्र्याच्या रिकाम्या सांगाड्याला दारं लावून सगळं एकत्र रंगवतात, म्हणजे रंगाची छटा कुठे कमीजास्त होत नाही. रंग वाळला की तीच दारं पुन्हा उतरवतात, कारण सीट, डॅशबोर्ड, वायरींचे जुडगे आत न्यायला वाट मोकळी लागते. उतरवलेली दारं वेगळ्या लाइनवर जातात. तिथे त्यांना काचा, कुलपं, हँडलं लागतात आणि अखेरीस प्रत्येक दार आपापल्या गाडीला पुन्हा येऊन मिळतं.

यातलं दार उतरवण्याचं काम वरकरणी सोपं वाटतं. छताला टांगलेल्या यारीला दार अडकवायचं आणि बाजूला न्यायचं. पण ते सरळ ओढून चालत नाही. बिजागरीतून सोडवताना त्याला एका ठरावीक वळणाने बाहेर काढावं लागतं, नाहीतर नव्याकोऱ्या रंगावर ओरखडा उठतो. यारी दाराचं वजन पेलते हे खरं, पण त्या जड वस्तूला गती देणं, वळवणं आणि नेमक्या जागी थांबवणं हे माणसाच्याच अंगावर पडतं. माणसांनी भरलेला झोपाळा दोरांनी पेललेला असला तरी तो मध्येच अडवायला गेलं की कमरेत लचक भरते, तसंच हे. लाइनवर मिनिटाला एक गाडी येत असेल तर ही लचक पाळीभर, मिनिटागणिक. रात्री घरी गेल्यावर खांदा वर उचलत नाही, सकाळी मूठ वळत नाही.

१९९०च्या दशकाच्या मध्याला अमेरिकेतल्या जनरल मोटर्समध्ये काही इंजिनिअर अशाच कामांकडे पाहून विचारात पडले होते. आज ‘कोबॉट’ या नावाने जो यंत्रहात कामगाराच्या शेजारी उभा राहतो, त्याचा जन्म या विचारातून झाला. त्या जन्माच्या मुळाशी कामगाराचा दुखरा खांदा होता, त्याची नोकरी कमी करण्याचा हिशेब नव्हता. पुढे जाहिरातींच्या आणि भीतीच्या गदारोळात ही गोष्ट मागे पडली, म्हणून ती पहिल्यापासून सांगायला हवी.

रोबो कारखान्यात आला तो मात्र माणसापासून लांब उभा राहण्यासाठीच. जॉर्ज डेव्हॉल या संशोधकाने १९५४ साली एका कार्यक्रमबद्ध यंत्रहाताच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९६१ मध्ये ते मंजूर झालं, आणि जोसेफ एंगलबर्गर या उद्योजकाने ती कल्पना प्रत्यक्ष बाजारात आणली. ‘युनिमेट’ नावाचं हे दणकट धूड १९६१ साली न्यू जर्सीतल्या ट्रेंटनजवळच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात कामाला लागलं. साच्यातून निघालेले तापलेले धातूचे भाग उचलून बाजूला ठेवणं हे त्याचं काम. भाजण्याची, बोटं चिरडण्याची भीती असलेलं ते काम यंत्राने घेतलं याचं कुणालाही दुःख झालं नसेल.

पण युनिमेटला डोळे नव्हते, स्पर्शही नव्हता. शिकवलेल्या बिंदूवरून शिकवलेल्या बिंदूवर ते जाणार, वाटेत लोखंड असो की माणूस. १९६९ पासून ओहायोतल्या लॉर्ड्सटाउनच्या कारखान्यात असे रोबो सांगाड्यांचं स्पॉट वेल्डिंग करू लागले. वेल्डिंग वेगाने होऊ लागलं तशी पुढची लाइनही वेगाने धावू लागली, ताशी शंभर गाड्यांपर्यंत. म्हणजे कामगाराच्या वाट्याला एका गाडीमागे ३६ सेकंद. मार्च १९७२ मध्ये तिथे जो संप झाला त्याची अमेरिकेत आजही आठवण काढली जाते. तीन आठवडे चाललेल्या त्या संपात पगारापेक्षा कामाचा वेग आणि त्यातला तोचतोचपणा हे मुद्दे मोठे होते. रोबोने जड काम घेतलं, पण माणसाच्या हाती उरलेलं काम त्यामुळे अधिक बारीक आणि अधिक घाईचं झालं. हा धडा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण पुढच्या प्रत्येक पिढीला तो नव्याने शिकावा लागला.

२५ जानेवारी १९७९ ला मिशिगनमधल्या फ्लॅट रॉक इथल्या फोर्डच्या ओतशाळेत एक पंचवीस वर्षांचा कामगार भाग ठेवण्याच्या उंच मांडणीवर चढला. भाग काढून देणारी स्वयंचलित यंत्रणा साठ्याची चुकीची मोजदाद देत होती, म्हणून हातानेच भाग आणायला तो वर गेला. मागून तिचा यंत्रहात आला आणि त्याच्या डोक्यावर आदळला. तो जागीच गेला. सुमारे अर्धा तास कुणाला पत्ता लागला नाही, आणि यंत्र आपलं काम करतच राहिलं. रोबोच्या हातून मेलेला पहिला माणूस म्हणून त्याची नोंद झाली. १९८३ साली ज्युरीने त्याच्या कुटुंबाला एक कोटी डॉलर भरपाई द्यायला सांगितलं. १९८१ मध्ये जपानमध्येही दुरुस्तीसाठी आत गेलेला एक कामगार असाच दगावला.

अशा घटनांनंतर नियम घट्ट झाले. रोबोभोवती पिवळी लोखंडी जाळी, जाळीला दार, दार उघडलं की यंत्राची वीज तुटलीच पाहिजे. जाळीने जीव वाचवले यात शंका नाही. मात्र तिने कारखान्याचे दोन भाग पाडले. जाळीच्या आत लोखंड जोडणं, रंग फवारणं, जड उचल. जाळीबाहेर जे मऊ, लवचिक, डोळ्यांनी पाहून आणि बोटांनी चाचपून करायचं ते सगळं: रबरी पट्ट्या दाबून बसवणं, वायरींचे चाप लावणं, अवघड कोपऱ्यातले बोल्ट आवळणं. मोटारीच्या अंतिम जुळणीत रोबो जवळपास नव्हतेच. तिथे माणसंच होती आणि त्यांची मनगटं होती. यंत्राची ताकद दहा फुटांवर आणि माणूस इथे घामाघूम, पण मध्ये जाळी असल्यामुळे त्या ताकदीचा माणसाला काही उपयोग नव्हता.

१९९४ साली जनरल मोटर्सच्या रोबोटिक्स केंद्रातले प्रसाद अकेल्ला यांनी या प्रश्नाला हात घातला. यंत्र इतकं सुरक्षित करता येईल का, की ते माणसाच्या जोडीने काम करेल? पुढच्या वर्षी जनरल मोटर्स फाउंडेशनच्या अनुदानातून शिकागोजवळच्या इव्हॅन्स्टन गावी, नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात संशोधन सुरू झालं. तिथले दोन प्राध्यापक, एडवर्ड कोलगेट आणि मायकेल पेश्किन यांनी १९९६ मध्ये जे उत्तर काढलं ते आजही वाचताना मन प्रसन्न होतं. त्यांनी रोबोची ताकदच काढून घेतली.

त्यांचं पहिलं यंत्र अगदी लहान होतं. टेबलावर एक चाक, त्यावर एक मूठ. चाकाला मोटर होती, पण ती चाक फिरवून पुढे नेण्यासाठी नव्हे, फक्त त्याची दिशा वळवण्यासाठी. ढकलायचं माणसाने. मूठ धरून तुम्ही कुठेही ढकला, चाकाचं तोंड जिकडे असेल तिकडेच ती जाणार. मोकळ्या जागेत संगणक तुमच्या हाताचा रोख ओळखून चाक तसंच वळवत राही, त्यामुळे मूठ हवी तशी फिरते असं वाटे. पण संगणकात आखलेल्या एखाद्या रेषेपाशी आलात की चाक त्या रेषेला समांतर होई, आणि समोर काहीच नसताना हाताला भिंत लागल्याचा भास होई. ती भिंत तुम्हाला ढकलत नसे, मारत नसे. ती फक्त पलीकडे जाऊ देत नसे आणि तिच्या कडेकडेने हात अलगद सरकत राही.

आता हे त्या मोटारीच्या दाराला लावून पाहा. बिजागरीतून बाहेर पडण्याचा वळणदार मार्ग संगणकात आखला की कामगाराने नुसतं पुढे ढकलायचं. दार त्या अदृश्य भिंतीला घासत नेमक्या वळणाने बाहेर येतं. रंगाला धक्का नाही, आणि वळवण्या-थांबवण्याचा ताण कमरेवर येत नाही. दार उतरवणारं असं मोठं यंत्र पुढे जनरल मोटर्ससाठी तयारही झालं. नाव सुचवायची स्पर्धा लावली गेली, ‘कोबॉट’ हा शब्द ब्रेंट गिलेस्पी या तरुण संशोधकाने दिला. कोलगेट आणि पेश्किन यांच्या पेटंटला १९९९ मध्ये मान्यता मिळाली.

या यंत्रात निर्णय माणसाचा, जोरही माणसाचा आणि वाट दाखवण्याचं कसब तेवढं यंत्राचं. नंतरच्या सगळ्या चकचकीत कोबॉटांपेक्षा मला हे चाक अधिक मोलाचं वाटतं. माणसाला मदत म्हणजे काय, याचा इतका नेमका विचार पुढे क्वचितच दिसला.

इतिहासाने मात्र दुसरी वाट धरली. मोटर काढून टाकण्याऐवजी मोटर असलेल्या यंत्रालाच स्पर्श द्यावा, असं युरोपातल्या लोकांनी ठरवलं. त्यातला एक धागा अंतराळातून आला. जर्मनीच्या अंतराळ संशोधन केंद्राने १९९३ साली कोलंबिया या स्पेस शटलमधून ‘रोटेक्स’ नावाचा यंत्रहात पाठवला होता. अंतराळासाठी हात हलका हवा, नाजूक हवा, आणि आपल्याला कशाचा स्पर्श झाला ते त्याला कळायला हवं. सांध्यासांध्यात बल मोजणारे सेन्सर असलेले हलके यंत्रहात याच केंद्राने पुढे विकसित केले. कूका या जर्मन कंपनीने २००४ पासून त्यांचं औद्योगिक रूप आणलं. ते होतं सुंदर, पण महाग. लहान कारखानदाराने त्याच्याकडे लांबूनच पाहावं असं.

लहान कारखानदाराचा विचार झाला तो डेन्मार्कमधल्या ओडेन्स या गावी. परीकथा लिहिणाऱ्या हान्स अँडरसनचं हे जन्मगाव. गावाजवळ लिंडो इथे प्रचंड जहाजबांधणी कारखाना होता. जहाजांच्या वेल्डिंगला रोबो लावण्याचे प्रयोग तिथे झाले, आणि जहाजमालक मर्स्क मॅककिनी म्योलर यांच्या देणगीतून इथल्या विद्यापीठात, म्हणजे पुढच्या सदर्न डेन्मार्क विद्यापीठात, १९९७ साली एक संशोधन संस्था उभी राहिली. पुढे २०१२ मध्ये तो जहाज कारखाना बंद पडला. पण तोवर त्या विद्यापीठातून बाहेर पडलेल्या तिघांनी गावाला दुसरा धंदा मिळवून दिला होता. एस्बेन ऑस्टरगार्ड, कॅस्पर स्टॉय आणि क्रिस्तियान कॅसो ही त्यांची नावं. अन्नप्रक्रिया उद्योगाच्या गरजांचा अभ्यास करताना त्यांना दिसलं की बाजारातले रोबो अवजड, महाग आणि शिकवायला कठीण आहेत. पन्नास-शंभर माणसांच्या कारखान्याला त्यांचा काही उपयोग नाही. २००५ मध्ये त्यांनी युनिव्हर्सल रोबोट्स ही कंपनी काढली.

त्यांचा पहिला यंत्रहात, यूआर५, वजनाला १८.४ किलो. दोन माणसं सहज उचलून एका मशिनवरून दुसऱ्या मशिनवर नेतील इतका. उचलतो पाच किलो, पोहोचतो ८५ सेंटिमीटर, म्हणजे साधारण माणसाच्या हाताच्या पल्ल्याइतकं. सांधे सहा. कशाला धडकलं हे त्याला कळतं ते मुख्यतः मोटरमधल्या विजेवरून. अमुक हालचालीला अमुक इतका प्रवाह लागायला हवा याचा हिशेब तो सतत करत असतो. प्रत्यक्षात प्रवाह जास्त लागला तर वाटेत काहीतरी आडवं आलं आहे असं समजून थांबतो. पण ऑपरेटरच्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट निराळी होती. जुन्या रोबोला शिकवायला बाहेरून प्रोग्रॅमर बोलवावा लागे. इथे टचस्क्रीनच्या पाठीमागचं एक बटण दाबून धरलं की अख्खा हात सैल पडतो. मग त्याला मनगटाशी धरून जॉबपाशी, म्हणजे घडवायच्या भागापाशी न्यायचं, ‘ही जागा लक्षात ठेव’ म्हणून स्क्रीनवर बोट टेकायचं, पुढच्या जागी न्यायचं, पुन्हा बोट टेकायचं. नव्या पोराला उस्ताद हात धरून कानस चालवायला शिकवतो, त्याच रीतीने ज्याला ते काम येतं तोच ते यंत्राला शिकवतो.

डिसेंबर २००८ मध्ये यूआर५ पहिल्यांदा विकला गेला. गिऱ्हाईक होतं लिनाटेक्स, उद्योगांना प्लॅस्टिक आणि रबराचे भाग पुरवणारी एक डॅनिश कंपनी. सीएनसी म्हणजे संगणकाच्या आज्ञेने कापकाम करणाऱ्या मशिनला जॉब लावणं आणि काढणं हे त्याला दिलेलं काम. त्या लोकांनी एक गोष्ट केली जी त्या काळी भल्याभल्या रोबो इंजिनिअरांना वेडेपणाची वाटली असती. त्यांनी रोबोभोवती जाळी लावलीच नाही. कामगारांच्या मध्येच तो उभा केला, आणि बाहेरचा प्रोग्रॅमर न बोलवता स्वतःच टचस्क्रीनवर त्याला काम शिकवलं. ट्रेंटनच्या युनिमेटनंतर ४७ वर्षांनी जाळी निघाली.

सीएनसीवर काम केलेल्यांना त्या कामाचं स्वरूप सांगायला नको. दार उघडा, झालेला जॉब काढा, चिप्स फुंका, नवा जॉब चकमध्ये धरा, दार लावा, बटण दाबा, थांबा. पुन्हा दार उघडा. त्यात डोकं फक्त पहिल्या दिवशी लागतं. पुढे वर्षानुवर्षं लागतो तो फक्त हात.

जाळी निघाली, पण लगेच दुसरा प्रश्न उभा राहिला. रोबो धडकला तर थांबेल हे ठीक, पण थांबेपर्यंत जो दणका बसेल तो किती असावा? किती दणका माणसाने सोसावा असं म्हणायचं? हे ठरवायला कुणाकडे आकडेच नव्हते. म्हणून लोकांनी ते मोजायला सुरुवात केली, आणि कोबॉटच्या इतिहासातलं सर्वांत विलक्षण प्रकरण माझ्या मते हेच आहे. जर्मनीत मोटार अपघातांच्या चाचण्यांच्या बाहुल्यांवर रोबो आदळवून पाहिले गेले. स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियाना विद्यापीठात २०१०च्या सुमारास सहा स्वयंसेवकांनी आपला दंड पुढे केला. रोबो कधी बोथट, कधी टोकदार अवजाराने दंडावर ठोसा मारायचा, आणि किती दुखलं ते त्यांनी सांगायचं. मग जर्मनीतल्या माइन्त्स विद्यापीठात शंभर निरोगी माणसांवर पद्धतशीर काम झालं. कपाळ, जबडा, मान, खांद्याचं हाड, तळहात, बोटाचं पेर, मांडी, पोटरी अशा २९ जागांवर एक दांडी हळूहळू दाबत न्यायची, आणि दाबाचं रूपांतर दुखण्यात ज्या क्षणी होतं तो क्षण नोंदवायचा. जखम होण्याची मर्यादा त्यांनी धरली नाही. दुखणं सुरू होण्याची धरली.

फेब्रुवारी २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने टीएस १५०६६ हा दस्तऐवज काढला, त्याच्या परिशिष्टात हे आकडे आले. दाबून धरल्या गेलेल्या हाताच्या पंजासाठी आणि बोटांसाठी कमाल १४० न्यूटन, म्हणजे साधारण चौदा किलोचा भार. चेहऱ्यासाठी ६५ न्यूटन. चेहरा आणि डोकं यांना चालत्या रोबोचा धक्का बसण्याची वेळच येणार नाही अशी मांडणी करायची. माणूस आणि रोबो एकत्र काम करण्याच्या चार रीती त्यात सांगितल्या आहेत: माणूस जवळ येताच रोबोने थांबून राहणं, माणसाने हाताने धरून चालवणं, अंतर पाहून वेग कमी करणं, आणि मुळातच रोबोचं बळ मर्यादित ठेवणं. यंत्रयुग सुरू होऊन अडीचशे वर्षं होत आली होती. इतक्या काळानंतर कामगाराला दुखायला नेमकं कुठे सुरू होतं याचा तक्ता एका यंत्राच्या मानकात छापला गेला. मला या तक्त्याबद्दल मनापासून आदर आहे.

तोपर्यंत मोठ्या मोटार कंपन्यांनी कोबॉट अंतिम जुळणीत आणले होते, आणि दोन उदाहरणं पाहण्यासारखी आहेत. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनामधल्या स्पार्टनबर्ग इथे बीएमडब्ल्यूचा कारखाना आहे. तिथे गाडीच्या दाराच्या आतल्या बाजूला आवाज आणि ओल अडवणारं आवरण चिकटवावं लागतं. डिंकाच्या पट्टीवर ते आवरण एकसारखा दाब देत हातातल्या रोलरने दाबत न्यायचं. दाब कमी पडला की पाणी आत, आणि सारखा जास्त दिला की मनगट गेलं. हे काम मनगटाला इतकं जाचक होतं की माणसं थोड्या-थोड्या वेळाने बदलावी लागत. २०१३ मध्ये हा रोलर कोबॉटच्या हाती दिला. माणूस आवरण जागेवर लावतो, कोबॉट ते दाबत जातो. दुसरं उदाहरण त्याच वर्षीचं, जर्मनीतल्या साल्झगिटरमधल्या फोक्सवॅगनच्या इंजिन कारखान्यातलं. डिझेल इंजिनाच्या सिलिंडर हेडमध्ये ग्लो प्लग बसवायचे असतात. त्यांची भोकं अशा जागी की वाकल्याशिवाय दिसत नाहीत. माणसं पाळीभर वाकून ते घालत असत. कोबॉट प्लग अलगद भोकात सारतो, शेजारचा माणूस ते आवळून पुढचं काम करतो आणि सरळ उभा राहतो.

दोन्हीकडे यंत्राने अख्खं काम घेतलं नाही. कामातला जो तुकडा शरीराला पोखरत होता तेवढाच घेतला. कोबॉट कुठे लावावा याची मला यापेक्षा चांगली कसोटी माहीत नाही.

बॉस्टनच्या एका प्रयोगाचाही उल्लेख करायला हवा. घरं झाडणाऱ्या रूम्बा यंत्राच्या कंपनीचे एक संस्थापक रॉडनी ब्रूक्स यांनी २०१२ मध्ये ‘बॅक्स्टर’ आणला, दोन हातांचा, किंमत २२ हजार डॉलर. त्याच्या डोक्याच्या जागी पडदा होता, पडद्यावर डोळे. हात जिकडे जाणार तिकडे डोळे आधी वळत, म्हणजे शेजारच्या कामगाराला कळे की आता हा उजवीकडे येणार. कल्पना फार समंजस होती. पण सांध्यांत स्प्रिंगसारखी लवचिकता ठेवल्यामुळे तो सुरक्षित झाला तसाच काहीसा ढिलाही झाला, आणि कारखान्याला लागते ती अचूकता त्याला पुरेशी साधली नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये बॅक्स्टर बनवणारी कंपनी बंद पडली. ओडेन्सच्या कंपनीला मात्र २०१५ साली अमेरिकेच्या टेराडाइनने साडेअठ्ठावीस कोटी डॉलरला विकत घेतलं होतं, आणि २०२०च्या अखेरीस तिचा पन्नास हजारावा कोबॉट बाहेर पडला.

आपल्याकडे ही गोष्ट पोहोचायला मुळीच वेळ लागला नाही, आणि ती पोहोचली पुण्याजवळ. बजाज ऑटोने २०१० पासून, म्हणजे पहिल्या विक्रीनंतर दोनच वर्षांत, युनिव्हर्सल रोबोट्सचे कोबॉट वापरायला घेतले. भारतात हे करणारी ती पहिली दुचाकी कंपनी. जुळणीच्या लाइनवर, मशिनला जॉब लावायला-काढायला, माल हाताळायला मिळून पुढच्या काही वर्षांत त्यांची संख्या शंभरापलीकडे गेली. चाकणच्या कारखान्यात जुळणीवर मुली मोठ्या संख्येने होत्या. २०१६ च्या अखेरीस आलेली डॉमिनार ही गाडी तर तिथे सगळ्या मुलींच्या लाइनवर जोडली जाऊ लागली. जिथे नाजूक हातही लागतो आणि पाळीभर टिकणारा जोरही लागतो, तिथे जोराचा भाग कोबॉटकडे देण्यामागे कंपनीचा हिशेब होता. जुळणीची लाइन ही ‘पुरुषांचीच जागा’ अशी जी समजूत आपल्याकडे होती, तिला यामुळे मोठा तडा गेला. खेड, जुन्नर, आंबेगावकडच्या किंवा विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या आयटीआय झालेल्या मुलीला ‘तुला हे झेपणार नाही’ म्हणायची सोय राहिली नाही. ही गोष्ट लहान नाही.

पण चाकणचं एवढंच सांगून थांबलो तर ते अर्धंच होईल. त्याच कारखान्यात २०१३ च्या जूनअखेरपासून विश्व कल्याण कामगार संघटनेच्या नेतृत्वाखाली सुमारे पन्नास दिवस काम बंद होतं. मागण्यांत वेतनवाढीबरोबर कंपनीच्या शेअर्सचीही मागणी होती. त्या संपाचं कारण कोबॉट नव्हते, हे स्पष्ट सांगायला हवं. तरी कामगार आपण उभ्या केलेल्या संपत्तीत वाटा मागत होते, आणि नेमक्या त्याच वर्षांत उत्पादकता वाढवणारी यंत्रं लाइनवर येत होती. या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवूनच पाहायला हव्यात.

मराठी कामगाराला हा प्रश्न नवा नाही. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत, कताई खात्यात एका माणसाने दोन बाजू सांभाळाव्यात, अशी योजना मालकांनी आणली आणि एप्रिल ते ऑक्टोबर गिरण्या बंद राहिल्या. कार्यक्षमता वाढेल हे मालकांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. कामगारांचा सवाल एवढाच होता की वाढलेल्या कामातून निघालेला पैसा जाणार कुणाकडे, आणि सुटलेली माणसं जाणार कुठे. कोबॉटपुढेही सवाल तोच आहे. मनगट वाचलं, पण वाचलेल्या वेळात त्याच माणसाकडे दोनऐवजी चार मशिनी दिल्या तर लॉर्ड्सटाउनचे ३६ सेकंद परत आले. आठ तास वाकणं गेलं, पण त्या माणसाचं कंत्राटच पुढे वाढवलं नाही, तर सरळ झालेल्या पाठीचं त्याने काय करायचं?

सुरक्षिततेबद्दलही एक सावधगिरी हवी. ‘कोबॉट आहे, म्हणजे जाळी नको’ असं कुणी विक्रेता म्हणाला तर त्याचं ऐकू नका. हात कितीही सौम्य असला तरी त्या हातात धारदार जॉब असेल, ग्रिपरला टोकं असतील, किंवा पत्र्याची ताजी कापलेली कड चेहऱ्याच्या उंचीवरून फिरत असेल, तर १४० न्यूटनचा तक्ता तुम्हाला वाचवणार नाही. २०२५ मध्ये रोबोसुरक्षेचं आयएसओ १०२१८ हे मानक सुधारून आलं, तेव्हा त्यात टीएस १५०६६ सामावून घेतलं आणि भर यावर दिला की सुरक्षितता एकट्या यंत्राची नसते, ते ज्या कामाला लावलंय त्या संपूर्ण मांडणीची असते. म्हणून प्रत्येक नव्या कामासाठी धोक्याचं मूल्यमापन नव्याने करावं लागतं. त्या मूल्यमापनाच्या बैठकीत इंजिनिअर असतो, सेफ्टी ऑफिसर असतो, विक्रेत्याचा माणूस असतो. त्या स्टेशनवर उभं राहून काम करणारा माणूस मात्र अनेकदा नसतो.

चाकण, भोसरी, वाळूज, सातपूर, शिरोली, बुटीबोरी इथल्या कारखानदारांना आणि युनियनच्या पदाधिकाऱ्यांना म्हणून एक विनंती आहे. कोबॉटची ऑर्डर देण्याआधी लाइनवरच्या माणसाला आणि बाईला विचारा, कामात नेमकं कुठे दुखतं. कोबॉट आधी तिथे लावा. त्याला काम शिकवायचं प्रशिक्षण त्याच ऑपरेटरला द्या, आणि ते कौशल्य धरून त्याची श्रेणी वाढवा. कोबॉटमुळे मोकळ्या झालेल्या माणसाला कारखान्यात दुसरं काम मिळेल आणि एका ऑपरेटरमागे मशिनी किती असतील, हे पुढच्या वेतनकरारात लेखी असू द्या.